मुलांना प्राण्यांचे जुने सिनेमे दाखवताना: आधी शेवट बघा, मग बाकीचं

जुना सिनेमा, त्यात एक मुलगा आणि एक कुत्रा. सगळ्यांनी मिळून बघायला याहून निर्धोक काय असणार? मग दीड तासानं पोर हमसून हमसून रडत असतं, नाहीतर दहाव्या मिनिटालाच उठून गेलेलं असतं, आणि मोठी माणसं निकाल देतात की आजकालच्या मुलांना जुनं आवडतच नाही. मी अनेक वर्षं मुलांना असे सिनेमे दाखवतोय. बहुतेक वेळा मूलही ठीक असतं आणि सिनेमाही, चुकलेला असतो तो क्रम. आपण आठवणीतून नाव काढतो, हाताला लागेल ती प्रत लावतो आणि शेवटी काय होतं ते मुलाच्या शेजारी बसूनच पुन्हा शोधतो.

खालचा क्रम साधारण चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तयारीला एक अख्खी संध्याकाळ लागते. ती वाचवायला जाऊ नका.

## १. सिनेमा ठरवण्याआधी मूल बघा

'चांगला सिनेमा कोणता?' हा प्रश्न थोडा थांबू द्या. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मूल एका जागी किती वेळ बसतं? पडद्याखालचं सबटायटल वाचण्याइतका त्याच्या वाचनाला वेग आहे का? आणि गेल्या काही महिन्यांत घरात काय घडलंय?

तिसरी गोष्ट हमखास विसरते. पाळलेलं मांजर मेलं म्हणून 'मन रमावं' या हेतूनं मांजराचा सिनेमा लावलेली घरं मी पाहिली आहेत. घरातलं जनावर किंवा माणूस नुकतं गेलं असेल, घर बदललं असेल, आईवडिलांपैकी कोणी लांब गेलं असेल, तर ताटातुटीची गोष्ट काही महिने बाजूला ठेवा.

वेळेचा माझा ठोकताळा असा: सहा वर्षांपर्यंत ३५ ते ४० मिनिटं, सात ते नऊला मध्ये एक विश्रांती घेऊन दीड तास. दोन तासांचा सिनेमा दहाच्या पुढेच. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसणार असतील तर निवड सगळ्यात धाकट्याच्या मापानं करा. थोरल्याला कंटाळा येईल, पण धाकट्याची झोप उडणार नाही.

## २. शेवटची वीस मिनिटं एकट्यानं बघा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

मराठी वाचकांपैकी अनेकांनी राम पटवर्धनांनी अनुवादित केलेलं 'पाडस' वाचलंय. त्याच मूळ कादंबरीवर १९४६ साली क्लॅरन्स ब्राउनने 'द इयरलिंग' हा रंगीत सिनेमा केला. वाचून वीस वर्षं झाली की मनात काय उरतं? रानातून पळणारा ज्योडी हा मुलगा आणि त्याच्यामागे उड्या मारणारं त्याचं हरणाचं पाडस, फ्लॅग. बंदूक आठवणीतून गळून पडते. माझंही तेच झालं. सहा वर्षांच्या भाच्याला शेजारी घेऊन बसलो आणि शेवट येईपर्यंत मला काही आठवलंच नाही. फ्लॅग पुन्हा पुन्हा पीक खातो, वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून आई गोळी झाडते. नेम चुकतो, पाडस जखमी होतं आणि उरलेलं काम ज्योडीला करावं लागतं. भाचा रडला नाही. त्यानं त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, बघून विचारलं, "तू मारशील?" मरणापेक्षा ते आईच्या हातून आलं, हे त्याला लागलं होतं. ही सूक्ष्म गोष्ट कुठल्याच सारांशात मिळत नाही. म्हणून शेवट वाचून भागत नाही, बघावाच लागतो.

शेवट बघून झाला की सिनेमा या चारपैकी एका खणात टाका.

पहिला खण: प्राणी परत येतो, किंवा मुलाचा हट्ट फळाला येतो. १९४३ चा 'लॅसी कम होम', म्हणजे लॅसी या कुत्रीची गोष्ट, यातला. सुरुवातीला हाच खण. १९५१ चा 'नेव्हर टेक नो फॉर ॲन आन्सर' फारसा कुणी दाखवत नाही, पण जरूर शोधा. असिसी गावातला अनाथ पेपिनो आपल्या आजारी गाढविणीला संत फ्रान्सिसच्या समाधीपाशी नेऊ द्या म्हणून थेट रोमला पोपकडे जातो. मोठी माणसं नियमावर बोट ठेवून 'नाही' म्हणतात तेव्हा लहान मुलं कशी कान टवकारतात ते बघाच.

दुसरा खण: प्राण्याला सोडावं लागतं. १९५६ चा 'गुडबाय, माय लेडी'. मिसिसिपीतल्या दलदलीत एका पोराला न भुंकणारी कुत्री सापडते. ती बसेंजी जातीची असते. तो तिला जीव लावतो, शिकवतो आणि मग तिचा खरा मालक कोण ते कळतं. इथे कोणी मरत नाही, पण काही मुलांना हाच शेवट सर्वांत जड जातो. आठच्या पुढे.

तिसरा खण: प्राणी मरतो. ऑस्ट्रेलियातला 'स्टॉर्म बॉय' (१९७६) यातला. समुद्रकाठी एक मुलगा पाणकोळ्याची पिल्लं वाढवतो, आणि पुढे त्यातल्या त्याच्या सगळ्यात लाडक्या पक्ष्याला शिकाऱ्याची गोळी लागते. नऊ-दहाच्या पुढे, तेही आधी सांगून.

चौथा खण: आपल्याच माणसाच्या हातून मरतो. 'द इयरलिंग', डिस्नेचा 'ओल्ड येलर' (१९५७) आणि केन लोचचा 'केस' (१९६९). 'केस'मध्ये शिकारी पक्षी पाळणाऱ्या पोराचा मोठा भाऊच त्या पक्ष्याला मारतो. मोठ्यांसाठी हा सिनेमा अप्रतिम आहे, पण पोस्टरवरचा मुलगा बघून तो सात वर्षांच्या मुलापुढे लावू नका.

> सावध: शेवट गोड म्हणजे सिनेमा सौम्य, असं समजू नका. 'द ब्रेव्ह वन' (१९५६) मध्ये मेक्सिकोतल्या लिओनार्डोचा लाडका बैल शेवटी वाचतो, पण त्याआधी बैलझुंजीचं रिंगण येतं. शेवट बघितल्यावर मधला भागही पळवत चाळा.

चाळताना आणखी एक गोष्ट तपासा: पडद्यावर दिसणारा त्रास अभिनयाचा आहे की खरा? जुन्या सिनेमांत, विशेषतः घोड्यांच्या बाबतीत, खऱ्या इजा झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये सिनेमातल्या प्राण्यांविषयी कायदा १९३७ मध्ये आला. हॉलीवूडमध्ये १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये घोड्याला कड्यावरून खाली पाडल्यावर ओरड झाली आणि मग चित्रीकरणावर देखरेख सुरू झाली. 'एकाही प्राण्याला इजा झाली नाही' ही ओळ तर १९७२ मध्ये पहिल्यांदा झळकली. निसर्गपटांवरही डोळे मिटून विश्वास नको. डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' (१९५८) मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात झेपावताना दिसतात, तो प्रसंग घडवून आणलेला होता. दृश्य खरंच क्रूर वाटलं तर सिनेमा बदला. सिनेमांची काही कमी नाही.

## ३. प्रत तपासा

सिनेमा ठरला की समोर दिसेल त्या पहिल्या प्रतीवर क्लिक करू नका. अधिकृत प्रत घ्या आणि चार गोष्टी बघा.

लांबी. मूळ लांबीशी ताडून पाहा. 'लॅसी कम होम' ८९ मिनिटांचा आहे. तुमची प्रत ८५ मिनिटांची निघाली तर बिचकू नका. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, आणि काही देशांच्या टीव्ही पद्धतीत ती २५ च्या वेगानं पळतात. त्यामुळे लांबी चार टक्क्यांनी घटते, कापलेलं काहीच नसतं. मात्र दहा-पंधरा मिनिटं गायब असतील तर ती काटछाट केलेली प्रत आहे, आणि कात्री बहुधा नेमकी तुम्ही तपासलेल्या प्रसंगावरच चाललेली असते.

सबटायटल. सुरुवातीला जुळतं आणि अर्ध्या तासानं संवादाच्या पुढे-मागे पळायला लागतं? मग वेगाचीच भानगड आहे. २४ च्या वेगाचं सबटायटल २५ च्या प्रतीला लावलं की तासाला सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. दुसरी फाइल शोधा. पहिल्यापासून सारखंच दोन सेकंद मागे असेल तर प्लेअरमध्ये सरकवून काम होतं.

आकार. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणं बरोबर आहे. पट्टे घालवायला चित्र ताणलं की सगळे कुत्रे बुटके आणि लांबुडके होतात.

रंग. नंतर रंगवलेली प्रत टाळा. काळ्या-पांढऱ्याला मुलं फारशी नाखूश नसतात. 'जुना आहे हं, रंग नाहीत' असं आपणच आधी ओशाळून सांगतो आणि त्यांच्या डोक्यात भरवतो.

> तपासा: सिनेमातलं घड्याळ, चाक किंवा चंद्र शोधा. गोल दिसला तर आकार बरोबर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. चालू राहिली तर जुना सिनेमा मालिकेसारखा दिसतो. आवाज सगळ्यात शांत संवादावर लावून बघा, सुरुवातीच्या संगीतावर नको.

## ४. भाषेची तयारी

हे बहुतेक सिनेमे परभाषेतले. मराठी सबटायटल क्वचितच मिळतं, इंग्रजी सबटायटल सात वर्षांच्या मुलाला झेपत नाही. मग मोठं माणूस शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत सुटतं. वीस मिनिटांत दोघंही दमतात. मूल पडदा सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

त्यापेक्षा सिनेमाचे दहा-बारा तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासाठी दोन-तीन छोटी वाक्यं लिहून ठेवा. ती तुकडा सुरू होताना म्हणायची आणि मग गप्प. 'लॅसी कम होम'च्या सुरुवातीसाठी माझ्या कागदावर एवढंच आहे: "ज्योच्या बाबांना काम नाही. म्हणून त्यांनी लॅसी विकलीय. ज्योला अजून माहीत नाही. आता शाळा सुटेल." पुढच्या दृश्यात मुलगा शाळेच्या फाटकातून बाहेर येतो आणि रोज चार वाजता तिथे थांबणारी लॅसी नसते. तिथे एक शब्दही बोलावा लागत नाही. पोरांना कळतं.

पहिल्यांदाच दाखवत असाल तर जवळजवळ संवाद नसलेल्या सिनेमानं सुरुवात करा. अल्बेर लामोरिसचा 'द रेड बलून' (१९५६) ३४ मिनिटांचा आहे. त्यात प्राणी नाही, पण तो लाल फुगा पास्कालच्या मागे अगदी कुत्र्यासारखा फिरतो, दाराबाहेर थांबतो, मस्ती करतो. जीव लावणं आणि टोळक्याचा दुष्टपणा, दोन्ही त्यात आहे. लामोरिसचाच 'व्हाइट मेन' (१९५३), म्हणजे 'पांढरी आयाळ', त्याच्या नंतर लावा: फ्रान्सच्या दक्षिणेकडचा कामार्गचा पाणथळ प्रदेश, एक रानटी पांढरा घोडा आणि एक कोळ्याचा पोर. कोणी शंभरदा सांगूनही कळणार नाही ते करडेपण इथे काळ्या-पांढऱ्यात दिसतं.

मोठ्या मुलांसाठी कॅरल बॅलार्डचा 'द ब्लॅक स्टॅलियन' (१९७९) घ्या. बेटावर मुलगा आणि घोडा हळूहळू जवळ येतात तो सगळा लांबलचक भाग जवळजवळ मुका आहे. उलट 'केस'मधली इंग्लंडमधल्या बार्न्स्ली गावची बोली इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांनाही घाम फोडते.

## ५. सुरू करण्याआधी तीन वाक्यं

प्रस्तावना नको. कुठे घडतं, कोणाची गोष्ट आहे आणि जड काय आहे, इतकंच.

तिसऱ्या-चौथ्या खणातला सिनेमा असेल तर मरण आधीच सांगा. अनेकांना हे पटत नाही, 'मजा जाते' म्हणतात. पण मुलाला धक्क्याची मजा नको असते, त्याला आधार हवा असतो. मी असं सांगतो: "या गोष्टीत कुत्रा मरतो. ते यायच्या आधी मी तुझा हात दाबेन. तेव्हा उठून जायचं असेल तर जा, माझ्या कुशीत बसायचं असेल तर बस." बहुतेक मुलं उठत नाहीत. दार उघडं आहे एवढं कळलं की ती आत थांबतात.

> सावध: 'रडायचं नाही हं' असं आधी म्हणू नका. 'रडलास तरी चालेल' असंही नको, त्यानं परीक्षा असल्यासारखं वाटतं.

'ओल्ड येलर' लावणार असाल तर एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: "औषध का नाही दिलं?" घरच्यांना वाचवताना कुत्र्याला पिसाळलेला लांडगा चावतो, त्याला रेबीज होतो आणि मुलगाच त्याला गोळी घालतो. गोष्ट १८६० च्या दशकातल्या टेक्सासमधली आहे, पाश्चरनं माणसाला पहिली लस दिली ती १८८५ मध्ये. लक्षणं दिसू लागल्यावर कुत्र्याला वाचवणारं औषध आजही नाही, आधी टोचलेली लस मात्र त्याला वाचवते. आणि प्राणी चावला किंवा ओरखडला तर लपवायचं नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक डॉक्टरकडे जायचं, हेही त्याच वेळी सांगून टाका.

## ६. सिनेमा चालू असताना

शेजारी बसा, समोर नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही.

अधूनमधून मुलाकडे कडेनं बघा. हसणं, रडणं, पाय आपटणं यानं घाबरू नका. थांबायची खूण वेगळी आहे: मूल पडदा सोडून सारखं *तुमच्या* चेहऱ्याकडे बघायला लागतं, किंवा एकदम गप्प होऊन अंग आक्रसतं. त्या वेळी सिनेमा थांबवा आणि विचारा: पुढे बघूया, थोडं थांबूया की आज इतकंच? जे म्हणेल ते मान्य करा, तिकिटाचे पैसे गेल्यासारखा चेहरा करू नका.

नको असलेला प्रसंग पळवून पुढे नेणं ही सगळ्यात रुळलेली चूक. पळणाऱ्या चित्रांत मुलाला अर्धं दिसतंच, उरलेलं ते मनानं भरतं, आणि मनातलं बहुतेक वेळा पडद्यावरच्यापेक्षा भयंकर असतं. थांबवा, तोंडी सांगा, मग ठरवा.

## ७. संपल्यावरचा अर्धा तास

दिवा लगेच लावू नका. शेवटची नावं जाऊ द्या. मग पाणी, शौचालय, नेहमीची कामं. 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न विचारलात तर पुढच्या वेळी मूल सिनेमा बघणार नाही, उत्तर शोधत बसेल.

विचारायचंच असेल तर एका लहान गोष्टीबद्दल विचारा. फुगा बसच्या मागे मागे आला तेव्हा कंडक्टरला काय वाटलं असेल? लॅसी ओळखू आली तेव्हा ती कशी चालत होती?

आणि चूक दुरुस्त करू नका. 'व्हाइट मेन'च्या शेवटी माणसांपासून पळताना मुलगा आणि घोडा पाण्यात शिरतात, प्रवाह त्यांना समुद्राकडे नेतो. निवेदक सांगतो की ते अशा ठिकाणी गेले जिथे घोडे आणि माणसं मित्र असतात. मोठ्यांना यात मरण दिसतं. लहानांना एक बेट दिसतं, तिथलं गवतही दिसतं. त्यांचं वाचन खोडून काढायची आपल्याला काहीच गरज नाही. कधीतरी बारा-तेराव्या वर्षी ती स्वतःच गप्प होतील.

सिनेमा कसा बनला हे याच वेळी सांगा, आधी नको. लॅसीचं काम पॅल नावाच्या नर कुत्र्यानं केलं होतं, हे ऐकून पोरं खदखदतात आणि जडपणा उतरतो. मोठ्या मुलांना दुसरी बाजूही सांगता येते. १९३१ च्या 'स्किपी'मध्ये लहानग्या जॅकी कूपरला रडू यावं म्हणून त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी दिली गेली, असं त्यानं मोठेपणी आत्मचरित्रात लिहिलं. पडद्यावरचा जिव्हाळा आणि पडद्यामागचं वागणं, यावर दहा वर्षांचं मूल तासभर बोलू शकतं.

> सावध: सिनेमा बघून उत्साहात मुलं दिसेल त्या कुत्र्याला मिठी मारायला धावतात. सिनेमातला कुत्रा शिकवलेला असतो. नियम त्याच दिवशी सांगा: आधी मालकाला विचारायचं, कुत्र्याला आपला हात हुंगू द्यायचा, जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या जनावराला हात लावायचा नाही. मालक नसेल तर लांबूनच बघायचं.

'आपणही कुत्रा आणूया' ही मागणी येणारच. त्या दिवशी हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. महिनाभरानं पुन्हा विचार, असं सांगा. तोवर ओळखीच्या घरातल्या प्राण्याला रोज पाणी ठेवणं, ब्रश करणं, घाण उचलणं यातलं एक काम मुलाकडे द्या. पहिल्या पावसाळी सकाळी तुम्हाला उत्तर कळेल.

## ८. पुढचा सिनेमा कधी

तोच खण सलग दोनदा वापरू नका. मरणाच्या गोष्टीनंतर परत येण्याची गोष्ट हवी, मध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. चौथ्या खणातला सिनेमा वर्षाला एक पुरे.

मूल तोच सिनेमा पुन्हा मागेल. नवा शोधून ठेवला असलात तरी तोच लावा. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असल्यामुळे त्याचं लक्ष मधल्या गोष्टींकडे जातं. भाच्यानं 'लॅसी कम होम' तिसऱ्यांदा बघताना मला थांबवायला सांगितलं आणि फाटकाबाहेरची रिकामी जागा बोटानं दाखवली. "हिथं बसायची ती," तो म्हणाला, आणि मला पुढे लावायला सांगितलं.